चाळीस किलो सुरमई आणि तीन सरकारं

रविवार, १ ऑगस्ट २००४. इसार रुपये पाचशे, रोख. ठिकाण अवसरी बुद्रुक, साळवे गुरुजींची पडवी. हजर: स्वतः गुरुजी, त्यांच्या मंडळी सुमनताई, त्यांची मुलगी उज्ज्वला, माझ्या टेम्पोचा ड्रायव्हर बबन आणि मी. ठरलेला माल: सुरमई चाळीस किलो, दर एकशे साठ, एकूण सहा हजार चारशे. माल पोचवायचा पुढच्या रविवारी सकाळी, साखरपुड्याचा स्वयंपाक सुरू व्हायच्या आत.

हे इतकं नेमकं लिहितोय, कारण या व्यवहारात पुढे नेमकं असं फारसं काही राहिलं नाही.

मी वारूळवाडीचा. घरची अडीच एकर जमीन आणि जोडीला सतरा वर्षं समुद्राची मासळी घाटावर आणून विकायचा धंदा. तुमच्या जुन्नर-आंबेगावचा आणि समुद्राचा संबंध काय, असं लोक विचारायचे. संबंध म्हणजे माळशेज घाट. रात्री टेम्पो घाट उतरायचा, पहाटे बंदरावर माल घ्यायचा आणि दुपारपर्यंत ओतूर, नारायणगाव, मंचर करत तो संपवायचा. आठवड्याला दोन खेपा. पेटीत एक थर बर्फ, एक थर मासळी, पुन्हा बर्फ. नवख्यांना वाटतं हा माशांचा धंदा आहे. तो बर्फाचा धंदा आहे. मासा समुद्र देतो, पैसे गिऱ्हाईक देतं, आणि मधल्या सगळ्या वेळात तुमच्या बाजूनं फक्त बर्फ असतो. म्हणून बर्फाच्या बाबतीत मी कधी कोणावर विसंबलो नाही. हंगामाच्या सुरुवातीला बंदरावरचा सगळा बर्फ होड्यांवर जातो, तेव्हा मी इथल्याच कारखान्यातून लाद्या भरून न्यायचो. समुद्राकडे बर्फ घेऊन जाणारा माणूस म्हणून खाली लोक मला हसायचे.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. जुन्नरच्या एक बाई प्रत्येक बांगड्याचे कल्ले उघडून बघायच्या, डॉक्टरनं जीभ बघावी तसं, आणि शेवटी पावशेर सुकट घेऊन जायच्या. मंचरचा एक व्यापारी "वास नसलेली मासळी असंल तर द्या" म्हणायचा. मी त्याला दोन वर्षं नाही म्हटलं आणि तिसऱ्या वर्षी बटाटे घ्यायला सुचवलं. एक निवृत्त फौजदार दर खेपेला विचारायचे, "ताजी आहे का?" मी सांगायचो, "परवा समुद्रातून निघाली, काल बंदरावर आली, आज तुमच्यापुढे आहे. यातला कुठला दिवस ताजा धरायचा ते तुम्ही ठरवा." ते घ्यायचे. हिशेब दिला की माणूस घेतो, हा माझा अनुभव.

आता समुद्राचा कायदा, थोडक्यात. पावसाळ्यात माशांची वीण असते आणि समुद्रही धड नसतो, म्हणून मासेमारी बंद. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. ती पुन्हा कधी उघडायची, यावर मात्र समुद्राचे मालक दोन. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं, त्याच्या पलीकडचं दिल्लीचं. त्या वर्षांत दिल्लीची बंदी जुलैअखेर संपायची. राज्याची संपायची नारळी पौर्णिमेला किंवा पंधरा ऑगस्टला, जे आधी येईल तेव्हा. म्हणजे एक सरकार कॅलेंडर बघायचं आणि दुसरं चंद्र बघायचं. परिणाम असा की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अकराव्या मैलावर धरलेला मासा गुन्हा आणि तेराव्या मैलावर धरलेला तोच मासा धंदा. मासा आपला दोन्हीकडे पोहत असायचा.

तिसरं सरकार आमच्या घराघरांत. त्याचं नाव श्रावण. समुद्र उघडायची वेळ आणि आमच्या तालुक्यांतल्या चुली मासळीला बंद व्हायची वेळ एकच. आषाढ संपताना गटारीला अख्खं गाव मासळी मागतं, तेव्हा समुद्र बंद. समुद्र उघडतो, तेव्हा गाव बंद. या सरकारला कचेरी नाही, दंड नाही, शिपाई नाही, तरी त्याची बंदी कोणी मोडत नाही. निदान दार उघडं ठेवून तरी मोडत नाही. माझ्याच घरी श्रावणात मला मागच्या दारानं घ्यायचे, आंघोळीनंतर.

आणि २००४ साली श्रावण दोन आले. आधी अधिक, मग निज. गटारी पहिल्याच्या आधी करायची की दुसऱ्याच्या, यावर बाजारात आठवडाभर वाद चालला. काही धोरणी लोकांनी ती दोनदा केली आणि श्रावण मात्र एकदाच पाळला. मी पंचांग बघणाऱ्या जोशीबुवांना विचारून नारायणगावच्या गाळ्यावर पाटी लावली: "अधिक श्रावण पाळायचा नसतो. निज श्रावण पाळावा. मासळी मिळेल." समुद्र बंद होता, त्यामुळे मासळी म्हणजे धरणाची. पाटी वाचायला गर्दी व्हायची. मासळी घ्यायला नाही.

तर साळवे गुरुजी. अवसरीचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, बौद्ध घर, त्यामुळे श्रावणाचा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता. मुलीचा साखरपुडा आठ ऑगस्टला धरला, कारण मुलगा जहाजावर नोकरीला आणि त्याची रजा ऑगस्टच्या मध्यापर्यंतच. मुलाकडचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. बैठकीत मुलाचे मामा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "घाटावरची माणसं तुम्ही. आम्हाला धरणातला कटला वाढाल आणि वर लिंबू पिळाल." चाळीस वर्षं वर्गात आवाज न चढवलेले गुरुजी तेव्हा एवढंच म्हणाले होते, "सुरमई वाढू."

सुरमईवरून लग्न मोडलं नसतं, हे गुरुजींनाही कळत होतं. पण ताटात कटला दिसला असता तर मामांचं ते वाक्य उज्ज्वलाच्या मागोमाग सासरी गेलं असतं आणि दर सणाला जेवायला बसलं असतं. उज्ज्वला मंचरला परिचारिका होती. पडवीत मी इसार घेतला तेव्हा तीच म्हणाली, "भाऊ, मिळणार नसंल तर वरणभात करू. पण आत्ता सांगा. रविवारी सांगू नका."

मी म्हणालो, "रविवारी सुरमईच सांगीन."

तशी अडचण दिसत नव्हती. आमचा नेहमीचा होडीवाला धर्मा तांडेल दिल्लीची बंदी उठल्या दिवशीच बाहेर पडला होता. शनिवारी पहाटे बंदरावर त्यानं माल दिला आणि मी रोख पैसे मोजले. मी मागितली म्हणून त्यानं चिठ्ठीही लिहून दिली, की सदर माल बारा मैलांच्या बाहेरचा आहे. सहा लाद्या बर्फ फोडून पेट्या भरल्या. एवढ्याशा मालासाठी कोणी घाट उतरत नाही, डिझेलही सुटत नाही. पण शब्द गेला होता.

घाटाच्या पायथ्याशी मागून एका जीपनं हॉर्न दिला. बबननं हात बाहेर काढून "जा पुढं" म्हटलं. जीप काही जाईना. धुकं इतकं, की तिचे फक्त दोन दिवे दिसत होते. प्रत्येक वळणावर ती हॉर्न द्यायची आणि प्रत्येक वळणावर बबन बाजू द्यायचा.

"येडं दिसतंय कुणीतरी," बबन म्हणाला. "वाट दिली तरी जाईना, न्हाई दिली तरी बोंबलतंय."

घाट संपल्यावर चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो. जीपही थांबली. तीतून रेनकोट घातलेले एक साहेब उतरले, मागोमाग त्यांचा शिपाई आणि ड्रायव्हर. मासळीबंदीचं फिरतं पथक होतं ते.

"आम्ही खालपासून थांबायचा इशारा देतोय," साहेब म्हणाले.

"आमाला वाटलं तुमाला पुढं जायचंय," बबन म्हणाला. "आमी लई बाजू दिली, साहेब. तुमीच जाईना."

"गाडीत काय आहे?"

"सुरमई. चाळीस किलो," मी म्हणालो.

"बंदी आहे, माहीत आहे ना?"

"बारा मैलांच्या आत आहे. हा माल बाहेरचा." मी चिठ्ठी पुढे केली.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "मासे ज्यानं धरले त्यानंच हे लिहिलंय. माशावर काही खूण?"

"खूण असती तर पथक लागलं नसतं, साहेब."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेटी उघडून बघितली, मासळीला हात लावला आणि चांगली आहे म्हणाले. मी विचारलं, "साहेब, इथून समुद्र किती लांब? आपण घाट चढून पुणे जिल्ह्यात आलोय. समुद्राचा कायदा इथं चालतो?"

"पाठलाग आम्ही खाली सुरू केलाय. पाठलाग चालू असताना हद्द आडवी येत नाही."

"पाठलाग?" बबन म्हणाला. "तुमी तर नुसते मागं मागं येत व्हता."

"त्यालाच पाठलाग म्हणतात," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला. सगळ्यांना. पैसे मी दिले.

चहा पिताना बबनला टपरीच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. तो उठला आणि एकतीस जुलैवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, ह्ये बघा! पुनव झाली की. श्रावणातली पुनव म्हंजी नारळी पुनव. बंदरावर काही लोकांनी नारळबी वाहिला. मग राज्याची बंदी उठली का न्हाई? जे आधी यील त्ये, असंच लिवलंय ना तुमच्या कायद्यात?"

साहेबांनी कप खाली ठेवला. कॅलेंडरजवळ गेले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. कायद्यात नारळी पौर्णिमा लिहिलेली होती. ती अधिकातली की निजातली, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा थोडं ऊन पडल्यासारखं झालं. चाळीस किलो मासळीसाठी अख्खा घाट चढून आलेल्या माणसाला सुटका हवी असते, तशी ती त्यांनाही हवी होती.

"मुद्दा आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही धंद्यातले. दोन्हीकडचं माहीत असलेले. एकतीसची पौर्णिमा नारळी धरायची का? तुम्ही हो म्हणत असाल तर मी तुमचा जबाब तसा घेतो आणि जातो."

एका शब्दाचं काम होतं. बबन डोळ्यांनी मला ढकलत होता. मला उज्ज्वला दिसत होती.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "अधिकातली पौर्णिमा नारळी नसते. अधिक महिन्यात सण धरत नाहीत. मी तशी पाटी लावलीय नारायणगावात."

बबननं कपाळाला हात लावला. हे वाक्य मी बोलायला नको होतं, असं मला वीस वर्षं वाटत आलंय. आणि उद्या कोणी विचारलं तर मी तेच बोलेन, हेही मला माहीत आहे.

साहेबांनी वही काढली. जप्त केलेला नाशवंत माल ठेवता येत नाही. त्याचा लगेच लिलाव करायचा, रक्कम तिजोरीत भरायची आणि पुढे निकाल ज्याच्या बाजूनं लागेल त्याला ती द्यायची, असा नियम. लिलाव कुठे करायचा, तर नारायणगावला, कारण शनिवारचा बाजार आहे. जीपच्या ड्रायव्हरला टोमॅटोही घ्यायचे होते.

ओतूरला थांबून मी फोनवरून गुरुजींना सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडून घ्यायची ती सरकारकडून घ्यायची?" गुरुजी म्हणाले.

"हो. बोली लावून."

"आणि तुमच्याकडून घेतली असती तर बेकायदा, सरकारकडून घेतली की कायदेशीर?"

"सरकारची पावती मिळते, गुरुजी."

"येतो," गुरुजी म्हणाले.

लिलाव माझ्याच गाळ्यासमोर झाला, माझ्याच पाटीखाली. बाजारातली माणसं जमली, पण अधिक असो की निज, श्रावण पाळणारी मंडळी पेट्यांपासून चार हात लांब, नाकाला रुमाल लावून उभी. पांगली मात्र एकही नाही. गुरुजी अवसरीहून जीपगाडीत लटकत आले होते, धोतराला चिखल, हातात कापडी पिशवी. साहेबांनी नियम वाचून दाखवला: किमान तीन बोलीदार पाहिजेत, नाहीतर लिलाव रद्द, माल मालकाला किंवा त्याच्या नोकराला घेता येणार नाही, लिलाव रद्द झाला तर माल पुरून टाकायचा.

बर्फाचं पाणी पेट्यांखालून वाहत टोमॅटोवाल्यांकडे चाललं होतं.

"पाचशे," गुरुजी म्हणाले.

"दुसरी बोली?" साहेबांनी विचारलं. कोणी बोलेना. "दुसरी बोली?"

निमगाव सावाचे किसननाना पुढे होते. कांद्यावाले, माझ्या पाटीचे नियमित वाचक; टपरीवरची हकिकत बबननं त्यांना आधीच ऐकवली होती. ते म्हणाले, "राव, लई हुशारीनं पाटी लावली. आता तीच आडवी आली का न्हाई? श्रावण धरायचा नसतो म्हणं! धरला साहेबांनी!"

लोक हसले. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष गुरुजींच्या पिशवीकडे होतं. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"नाना," गुरुजी म्हणाले, "उद्या पोरीचा साखरपुडा आहे."

एवढंच. किसननानांनी रुमाल नाकावरून काढला. "मग सांगायचं न्हाई का आधी? लिवा साहेब. माझे पाचशे दहा. पर एक सांगतो, पावणं, मला सुटला तरी मी हात लावणार न्हाई. माझा उपास हाय."

"सहाशे," गुरुजी म्हणाले.

"तिसरा बोलीदार?"

तिसरा मिळेना. मुसलमान मोहल्ल्यातली माझी दोन गिऱ्हाइकं त्या दिवशी बाजारात नव्हती. चहावाला हॉटेल सोडून येईना. साहेब घड्याळ बघायला लागले आणि शिपाई कुदळीची चौकशी करायला लागला, तेव्हा गर्दीच्या मागून आवाज आला, "माझे सातशे."

आमच्या मंडळी. भाजी घ्यायला आल्या होत्या. पदर नाकाला, पाठ पेट्यांकडे, तोंड कोबीकडे. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि तोवर मासळीच्या पेटीला त्यांनी कधी चार हातांच्या आत येऊ दिलं नव्हतं, ना घरात ना रस्त्यात.

साहेबांनी विचारलं, "बाई, मालकाशी तुमचं काही नातं?"

"श्रावणात न्हाई," त्या म्हणाल्या.

मग जो हशा झाला त्यात साहेबही सामील होते. त्यांनी नियम पुन्हा वाचला. त्यात मालक होता, नोकर होता. बायको नव्हती. त्यांनी नाव लिहून घेतलं.

गुरुजींनी आता घाई केली. हजार म्हणाले, मग किसननानांनी खुशीत एक हजार पन्नास केले आणि लगेच जीभ चावली. गुरुजी अकराशे म्हणाले आणि माल त्यांना सुटला. गुरुजींच्या पिशवीत मोजून आठशे निघाले. त्यांना माझे पैसे द्यायचे होते रविवारी, ते घरी होते. मी खिशातून इसाराचे पाचशे काढून त्यांना परत केले. व्यवहार आपला मोडला होता, इसार ठेवायचा मला हक्क नव्हता. त्यातले तीनशे घालून त्यांनी साहेबांना अकराशे दिले. पावती मिळाली. सकाळी जो माल बेकायदा होता तो दुपारी, त्याच बर्फात, त्याच पेटीत, सरकारी झाला. बबननं तो त्याच टेम्पोत घालून अवसरीला पोचवला. साहेबांनी जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "नोटीस येईल. मनावर घेऊ नका."

रविवारी मी साखरपुड्याला गेलो. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, पंगत बसली. सुमनताईंनी सुरमईचं कालवण केलं होतं आणि तुकडे तळले होते. मुलाच्या मामांच्या पानात पहिला तुकडा पडला तेव्हा गुरुजी, उज्ज्वला आणि मी तिघेही उभे होतो आणि तिघेही दुसरीकडे बघत होतो. मामांनी तुकडा उलटा करून बघितला, खाल्ला, काटा बाजूला ठेवला. अजून एक मागितला. मग आणखी एक.

"व्याही," ते म्हणाले, "मानलं. घाटावर सुरमई. आणि काय ताजी!"

उज्ज्वलानं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. मीही श्वास सोडला. मामांनी चौथा तुकडा तोंडात घातला आणि जाणकारासारखी मान हलवली.

"पण ही लांबची नाय. कडेची आहे. आठ-नऊ मैलांतली असेल. माझा जन्म गेला किनाऱ्यावर, जिभेला कळतं."

पंगत पुढे सरकली. मी मात्र तिथेच राहिलो. मामा बढाई मारत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. तीन कायदे आणि एक घाट ओलांडून मी जी गोष्ट छातीठोक सांगत आलो होतो, ती मी फक्त एका चिठ्ठीवरून सांगत आलो होतो.

पुढच्या खेपेला बंदरावर धर्मा तांडेलला गाठलं. "धर्मा, खरं सांग. बारा मैलांच्या बाहेर होतास ना?"

तो जाळं आवरत होता. "भाऊ, होडीवर मैल मोजायचं यंत्र नाय, समुद्रात पाटी नाय. डोंगर दिसेनासा झाला की आम्ही लांब म्हणतो. त्या दिवशी पाऊस होता. डोंगर बंदरातूनच दिसत नव्हता."

"मग चिठ्ठी का दिलीस?"

"तुम्ही मागितली म्हणून."

प्रकरण दोन वर्षं चाललं. राज्याच्या कचेरीचं म्हणणं, मालक म्हणतो माल दिल्लीच्या समुद्रातला, तर दिल्लीच्या लोकांना विचारा. तिकडच्यांचं म्हणणं, माल रस्त्यावर सापडला, रस्ता आमचा नाही. मी तीन वेळा तारखेला गेलो. साहेबांची बदली झाली होती. शेवटी पत्र आलं: माल बारा मैलांच्या बाहेर पकडला असल्याचं प्रतिज्ञापत्र सादर केल्यास प्रकरण बंद करून लिलावाची रक्कम रुपये अकराशे मालकास परत करण्यात येईल.

मी कचेरीत गेलो. कारकुनानं कागद पुढे सरकवला आणि सहीच्या जागी पेन्सिलनं फुली करून दिली. मी वाचलं. "मला खात्रीपूर्वक माहीत आहे की," अशी सुरुवात होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"कोणालाच नसतं," कारकून म्हणाला. "सही करा."

मी केली नाही. बाहेर बबन टेम्पोत होता. मी सांगितल्यावर तो घाट चढेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. वर आल्यावर टपरीपाशी म्हणाला, "चहा तुमच्या पैशानं." दिला.

ही बातमी अवसरीला कशी पोचली माहीत नाही. पुढच्याच शनिवारी साळवे गुरुजी गाळ्यावर आले. उज्ज्वला तोवर सासरी नांदत होती आणि मामा दर उन्हाळ्यात घाटावर मासळी खायला येत होते, असं त्यांनी सांगितलं. मग ते कामाचं बोलले. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला सहा हजार चारशेचं पाकीट देऊ केलं होतं आणि मी ते घेतलं नव्हतं, कारण माल त्यांना मी विकलेला नव्हता, सरकारनं विकला होता. ते पाकीट त्यांना दोन वर्षं टोचत होतं.

"सही केली नाहीत, ऐकलं," गुरुजी म्हणाले.

"खात्री नव्हती."

"मग मी आता देणं कोणाचं लागतो?"

"सरकारला अकराशे दिलेत. संपलं."

"मासळी सरकारची, हे मी मान्य करतो," गुरुजी म्हणाले. वर्गात गणित फळ्यावर मांडावं तसं त्यांनी बोट वर केलं. "पेट्या तुमच्या, त्या परत गेल्या. टेम्पो तुमचा, तोही परत गेला. पण बर्फ? बर्फ सरकारनं घातला होता का?"

मी विचार केला. जप्तीच्या कागदावर बर्फ नव्हता. लिलावाच्या पावतीवर बर्फ नव्हता. तो कुठल्या मैलावरचा, यावरही वाद होण्यासारखा नव्हता. कारखाना इथून दिसत होता.

"नाही," मी म्हणालो. "बर्फ माझा होता."

"किती?"

"सहा लाद्या. चाळीसनं."

मी धंदा बंद केला त्याला आता बरीच वर्षं झाली. बंदीच्या तारखा नंतर बदलल्या, असं ऐकतो. अधिक श्रावण पुन्हा एकदा येऊन गेला. माझी पाटी आमच्या मंडळींनी चुलीपाशी फळी म्हणून वापरली. पण या व्यवहाराचा हिशेब विचारला तर तो असा: अकराशे रुपये, साळवे गुरुजींनी सरकारला दिले, ते अजून तिजोरीत आहेत. सुरमईचे पैसे धर्मा तांडेलला, माझ्याकडून, पूर्ण. आणि दोनशे चाळीस रुपये, गुरुजींनी त्या शनिवारी गाळ्यावर मला रोख दिले. मी पावती फाडली. तिच्यावर लिहिलं: बर्फ, सहा लाद्या. मासळीचा उल्लेख नाही.